पहिला डीजे कंट्रोलर: घेण्याआधी काय ठरवायचं आणि कोणत्या क्रमाने

पहिला कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपवरचं गाणी मिसळणारं सॉफ्टवेअर हाताने चालवायचं यंत्र, घेताना बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी कंट्रोलर पसंत पडतो, मग तो कोणत्या सॉफ्टवेअरवर चालतो ते पाहिलं जातं, घरी आल्यावर लॅपटॉपला ते झेपत नाही हे कळतं, आणि हेडफोन-स्पीकरचा विचार होतो तोवर पैसे संपलेले असतात. हा क्रम उलटा आहे. पैसे मोजके असतील तर तो फारच महागात पडतो, कारण कंट्रोलर ही एकटी चालणारी वस्तू नाही. सॉफ्टवेअर, लॅपटॉप, हेडफोन आणि स्पीकर यांपैकी एक जरी कमी पडलं तरी तो नुसता टेबलावर पडून राहतो.

म्हणून इथे कंट्रोलरची निवड मुद्दाम उशिरा, पाचव्या टप्प्यात येते. आधीचे चार टप्पे कंटाळवाणे वाटले तरी गाळू नका. चुकीची खरेदी बहुतेक वेळा तिथेच होते.

टप्पा १: कशासाठी हवाय ते एका ओळीत लिहा

“सगळंच करायचंय” हे उत्तर धरू नका. त्या उत्तराने माणूस नको तेवढी बटणं विकत घेतो.

घरी बसून दोन गाणी सलग, न अडखळता एकमेकांत मिसळायला शिकायचं असेल तर दोन चॅनेलचा (एका वेळी दोन गाणी हाताळणारा) नीट बनवलेला कोणताही कंट्रोलर पुरतो. पुढे क्लबमध्ये वाजवायचा विचार असेल, तर तिथे बहुधा पायोनियर डीजेचे सीडीजे प्लेअर आणि डीजेएम मिक्सर भेटतात. त्यांच्यासारखी मांडणी असलेल्या कंट्रोलरवर शिकलात तर हाताला लागलेली सवय वाया जात नाही. स्क्रॅचिंग हेच वेड असेल तर क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी सरकपट्टी) हलका आणि जॉग व्हील (गाणं हाताने पुढे-मागे करायची चकती) मोठं हवं, शिवाय मधली जागा मोकळी हवी. डीडीजे-आरईव्ही१ सारख्या कंट्रोलरमध्ये वेगाचे फेडर वरच्या बाजूला आडवे बसवलेत ते याचसाठी. आणि माइकवर बोलत कार्यक्रम चालवायचे असतील तर माइकची जोडणी आणि तिच्या आवाजाचा स्वतंत्र नॉब या गोष्टी जॉग व्हीलपेक्षा जास्त महत्त्वाच्या ठरतात.

अजून काहीच ठरत नसेल तर “घरी शिकणं, क्लबसारखी मांडणी” असं लिहा. यातून नंतर कुठल्याही दिशेला वळता येतं.

टप्पा २: सॉफ्टवेअर ठरवा, कंट्रोलर नंतर

गाणी वाजवतं, त्यांचा वेग मोजतं आणि बदलतं ते सॉफ्टवेअर. कंट्रोलर हा त्या सॉफ्टवेअरचा हातात धरता येणारा भाग आहे, आणि प्रत्येक कंट्रोलर प्रत्येक सॉफ्टवेअरवर चालत नाही.

मुख्य पर्याय असे: रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर, व्हर्च्युअलडीजे आणि मुक्तस्रोत असलेलं मिक्स (इंग्रजीत त्याच्या नावाच्या शेवटी तीन एक्स येतात). स्वस्त कंट्रोलरसोबत यांपैकी बहुधा रेकॉर्डबॉक्स किंवा सेराटो डीजे लाइट मिळतं. दोन्हींवर उत्तम शिकता येतं. फरक पडतो तो पुढच्या तीन बाबतींत.

पहिली बाब, “सोबत सॉफ्टवेअर मोफत” या शब्दांची. सेराटो डीजे लाइट ही मोफत, पण मर्यादित आवृत्ती आहे. पूर्ण सेराटो डीजे प्रोसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. लाइटमध्ये दोनच डेक, म्हणजे गाणं लावून वाजवायच्या जागा, चालतात. त्यामुळे चार डेकचा कंट्रोलर घेऊन लाइटवर चालवलात तर उरलेले दोन डेक प्रो घेईपर्यंत बंदच राहतात. रेकॉर्डबॉक्सची रीत निराळी आहे. ठरावीक कंट्रोलर लॅपटॉपला जोडला की त्यातला परफॉर्मन्स मोड (कंट्रोलरने प्रत्यक्ष मिसळून वाजवायचा भाग) वेगळं सदस्यत्व न घेता उघडतो, यालाच हार्डवेअर अनलॉक म्हणतात. कंट्रोलर काढला की तो मोड पुन्हा बंद.

दुसरी, पुढे कुठे जायचंय याची. रेकॉर्डबॉक्समध्ये तयार केलेल्या याद्या, क्यू पॉइंट (गाण्यातल्या हव्या त्या जागेवरच्या खुणा) आणि बीटग्रिड (ठोके कुठे पडतात त्याची आखणी) पेन ड्राइव्हवर घेऊन सीडीजेला थेट लावता येतात. क्लबचं ध्येय असणाऱ्याला याचा खराखुरा उपयोग आहे.

तिसरी गोष्ट नवख्यांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही प्रत्येक गाण्यावर टाकलेल्या खुणा, दुरुस्त केलेले बीटग्रिड आणि लावलेल्या याद्या त्या सॉफ्टवेअरच्या पद्धतीने साठवल्या जातात. वर्षभराने सॉफ्टवेअर बदललंत तर गाणी जशीच्या तशी राहतात, पण ही मेहनत सगळीच्या सगळी सहज सोबत येत नाही. कंट्रोलर विकून दुसरा घेता येतो. शेकडो गाण्यांवरची तयारी पुन्हा करणं मात्र जिवावर येतं.

आता महत्त्वाचं काम. कंट्रोलर घेण्याआधीच सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि नुसत्या कीबोर्ड-माउसवर दोन गाणी मिसळून पाहा. वर दिलेल्यांपैकी बहुतेक सॉफ्टवेअर कंट्रोलर न जोडताही उघडून वापरता येतात. आठवडाभर असं केलंत की पडद्यावरची मांडणी आवडते का, लॅपटॉप दम टाकतो का आणि मुळात हे काम आपल्याला रुचतं का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एक पैसाही खर्च न करता मिळतात.

*तपासा:* सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या कंट्रोलरची यादी असते. मॉडेलचं नाव अक्षर-आकड्यांसकट तिथे शोधा. दिसायला जवळपास सारखे असणारे पायोनियर डीजेचेच दोन कंट्रोलर पाहा: २०१८चा डीडीजे-४०० रेकॉर्डबॉक्ससाठी बनवलेला, सेराटोचा त्याला अधिकृत पाठिंबा नाही. त्याच्या जागी २०२२मध्ये आलेला डीडीजे-एफएलएक्स४ मात्र रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो दोन्हींवर चालतो. फोटो पाहून हा फरक कळणार नाही.

*सावधान:* स्ट्रीमिंगवर भिस्त ठेवून सॉफ्टवेअर निवडू नका. स्ट्रीमिंगची गाणी नेटवर अवलंबून असतात, त्यांवर मिक्स रेकॉर्ड करणं बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बंद असतं, आणि कोणती सेवा कुठे चालते हे बदलत राहतं. २०२०च्या जुलैमध्ये डीजे सॉफ्टवेअरमधून स्पॉटिफाय बंद झालं, तेव्हा त्यावरच याद्या लावून बसलेल्यांच्या हाती काही उरलं नाही.

टप्पा ३: लॅपटॉपची परीक्षा

इथे थोडक्यात आटपू. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर दोन डेकच्या मिक्सिंगला अडचण येऊ नये. गाण्यातून गायकाचा आवाज आणि वाद्यं वेगळी करणारं स्टेम्स वापरायचं असेल तर प्रोसेसरवर बराच ताण येतो. जुन्या लॅपटॉपवर तो मोह सोडा. क्रोमबुकवर सेराटो किंवा रेकॉर्डबॉक्सची डेस्कटॉप आवृत्ती चालत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती मात्र नीट जुळवा. सॉफ्टवेअरला चालते का एवढंच पाहून थांबू नका, कंट्रोलरच्या ड्रायव्हरलाही (लॅपटॉपला कंट्रोलर ओळखता यावा म्हणून बसवायचा छोटा प्रोग्रॅम) ती चालली पाहिजे. २०१९मध्ये मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटचे प्रोग्रॅम बंद केले तेव्हा अनेक जुनी उपकरणं त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरसह निकामी झाली. अशी वेळ पुन्हा येऊ शकते. म्हणून कंट्रोलर घेतल्यावर सिस्टिम अपडेट आलं की आधी कंपनीची सुसंगतता यादी पाहायची, मगच बटण दाबायचं.

यूएसबीचे किती पोर्ट मोकळे आहेत ते मोजा. बहुतेक छोटे कंट्रोलर वीजही यूएसबीतूनच घेतात, आणि यूएसबी २.० पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो. तोच पोर्ट स्वस्त हबमधून माउस, पेन ड्राइव्ह आणि कंट्रोलर यांच्यात वाटला तर कंट्रोलर अधूनमधून बंद पडतो आणि माणूस दोष कंट्रोलरला देतो. एक पोर्ट फक्त कंट्रोलरसाठी राखून ठेवा.

*तपासा:* सॉफ्टवेअरमध्ये दोन गाणी एकाच वेळी अर्धा तास चालू ठेवा, मध्येच तिसरं गाणं शोधा आणि लोड करा. आवाज तुटला तर कंट्रोलरचे पैसे आधी लॅपटॉपच्या दुरुस्तीकडे वळवावे लागतील.

टप्पा ४: पैशांची वाटणी

एकूण रक्कम कागदावर लिहा आणि तिच्यातून हे सगळं वजा करत जा: हेडफोन, स्पीकर किंवा घरच्या साउंड सिस्टिमपर्यंतची केबल, गाणी विकत घेण्याचे पैसे, हवा असेल तर सॉफ्टवेअरचा पूर्ण परवाना. उरेल ते कंट्रोलरसाठी. माझा ठोकताळा असा की हातात काहीच नसेल तर कंट्रोलरवर एकूण रकमेच्या ६० टक्क्यांहून जास्त जाऊ देऊ नये. चांगले हेडफोन आणि स्पीकर आधीपासून असतील तर ही मर्यादा खुशाल वाढवा.

हेडफोन कानावर पूर्ण बसणारे, मागून बंद आणि वायरवाले हवेत. मागून बंद अशासाठी की बाहेर एक गाणं मोठ्याने वाजत असताना आत दुसरं ऐकायचं असतं. वायरचं कारण निव्वळ गणित आहे. १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० ठोक्यांच्या) गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर ५०० मिलिसेकंद असतं, १२८ बीपीएमला सुमारे ४६९. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचणं ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणजे ठोक्याच्या पाचव्या भागापासून जवळपास अर्ध्या ठोक्यापर्यंत. कानात जुळलेलं स्पीकरवर जुळलेलं नसतं. ब्लूटूथ स्पीकरचंही तेच, बटण दाबल्यावर आवाज मागाहून येतो आणि हात गोंधळतो.

स्पीकर नवेच हवेत असं नाही. घरातल्या सिस्टिमला ऑक्स किंवा आरसीए इनपुट असेल तर शिकायला ती पुरते. कंट्रोलरवर बहुधा लाल-पांढऱ्या आरसीएच्या जोड्या असतात, तुमच्या स्पीकरला कोणती पिन लागते ते पाहून केबल त्याच दिवशी मागवा. कंट्रोलर आला आणि केबल नाही, हा प्रकार फार होतो.

गाण्यांचा हिशोब सोपा आहे. ३२० केबीपीएसचं पाच मिनिटांचं एमपी३ सुमारे १२ एमबीचं, म्हणजे ५०० गाणी ६ जीबीत बसतात. तेवढंच गाणं सीडीच्या दर्जाच्या डब्ल्यूएव्हीमध्ये सुमारे ५३ एमबी घेतं. सुरुवातीला ३२० केबीपीएस पुरे. व्हिडिओंवरून उतरवलेली गाणी टाळा. कलाकाराचा हक्क बुडतो हे तर आहेच, शिवाय आधीच दाबलेला आवाज वेग बदलल्यावर आणखी विरतो आणि प्रत्येक गाण्याची पातळी वेगळी निघते.

टप्पा ५: कंट्रोलरवर काय असायलाच हवं

आता कुठे कंट्रोलरकडे वळायचं.

*अंगभूत साउंड कार्ड आणि वेगळा हेडफोन आवाज.* बाकी सगळ्यावर तडजोड करा, यावर नको. डीजेचं मूळ काम म्हणजे लोकांना एक गाणं ऐकवत असताना पुढचं गाणं स्वतःच्या कानात ऐकून तयार करणं. त्यासाठी दोन स्वतंत्र स्टिरिओ आवाज बाहेर पडावे लागतात, एक स्पीकरकडे आणि एक हेडफोनकडे. लॅपटॉपच्या एका जॅकमधून हे होत नाही. कंट्रोलरच्या माहितीत मास्टर आउट आणि हेडफोन आउट अशा दोन जोडण्या दिसल्या पाहिजेत.

काही अगदी छोट्या कंट्रोलरमध्ये साउंड कार्डच नसतं. पायोनियर डीजेचा डीडीजे-२०० हे त्याचं उदाहरण. तिथे आवाज लॅपटॉप किंवा फोनमधूनच निघतो आणि स्प्लिटर केबल वापरावी लागते. ही केबल एका स्टिरिओ आवाजाचे दोन मोनो तुकडे करते: डावी बाजू स्पीकरला, उजवी कानाला. काम चालतं, पण स्पीकरवर स्टिरिओ मिळत नाही आणि सॉफ्टवेअरमध्ये स्प्लिट चालू करायला विसरलात तर कानातलं गाणं थेट बाहेर वाजतं. कंट्रोलर स्वस्त दिसण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं, म्हणून किंमत पाहण्याआधी मागची आणि पुढची बाजू पाहा.

*मिक्सरचा पूर्ण भाग.* प्रत्येक चॅनेलला आवाजाचा उभा फेडर, गेन किंवा ट्रिमचा नॉब आणि हाय, मिड, लो असे तीन ईक्यू नॉब (बारीक, मधला आणि जाड आवाज वेगवेगळा कमी-जास्त करणारे) हवेत. दोन गाण्यांचे बेस एकावर एक आले की सगळा आवाज गढूळ होतो. एका गाण्याचा लो कमी करत दुसऱ्याचा वाढवणं हे तुम्ही पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त वेळा करणार आहात. दोनच ईक्यू नॉब असलेल्या कंट्रोलरवर ही सवय नीट लागत नाही. गेनचा नॉब नसेल तर कमी आवाजात रेकॉर्ड झालेलं गाणं पातळीवर आणायला दरवेळी माउसकडे धावावं लागतं. शिवाय क्यू (पुढचं, तयारीतलं गाणं) आणि मास्टर (बाहेर वाजणारं) कानात कमी-जास्त मिसळणारा नॉब आणि हेडफोनचा वेगळा आवाज.

*वेगाचा फेडर, म्हणजे पिच किंवा टेम्पो फेडर.* याची लांबी विचारा. सॉफ्टवेअरमध्ये वेगाची मर्यादा अधिक-उणे ८ टक्के ठेवली तर पूर्ण फेडरवर १६ टक्के पसरतात. फेडर ६० मिलिमीटरचा असेल तर १ मिलिमीटर सरकवल्यावर १२८ बीपीएमच्या गाण्याचा वेग सुमारे ०.३४ बीपीएमने बदलतो, १०० मिलिमीटरच्या फेडरवर सुमारे ०.२ ने. हे बारीक वाटेल, पण वेगात ०.१ टक्का फरक राहिला तरी एका मिनिटात ६० मिलिसेकंदांची चूक साचते आणि दोन्ही गाण्यांचे ठोके वेगवेगळे ऐकू येऊ लागतात. कानाने बीट जुळवायला शिकायचं असेल तर लांब फेडर हा दिव्यांपेक्षा आणि इफेक्टच्या बटणांपेक्षा कितीतरी मोलाचा. फेडर छोटाच मिळाला तर, सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तिथे, मर्यादा ६ टक्क्यांवर आणा, पकड लगेच सुधारते.

*जॉग व्हील.* वरचा भाग स्पर्श ओळखणारा आणि काठ वेगळं काम करणारा हवा. वर हात ठेवला की गाणं थांबतं, काठाने हलकेच ढकललं की वेग क्षणभर कमी-जास्त होतो.

पॅड, म्हणजे टाकलेल्या खुणांवर उडी मारायची बटणं, प्रत्येक बाजूला आठ असले तर उत्तम, चार असले तरी शिकणं अडत नाही. चार चॅनेल, स्टेम्सची खास बटणं, रंगीत दिवे, कंट्रोलरवरचा छोटा पडदा यांसाठी पहिल्या खरेदीत जास्त पैसे मोजू नका. दोन गाणी नीट सांभाळता आल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायची वेळ येत नाही.

दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणाला मात्र घाबरू नका. ते असणं हा दोष नव्हे, जवळपास सगळ्या कंट्रोलरवर ते असतं. सराव करताना ते बंद ठेवा आणि पडद्यावर दिसणाऱ्या गाण्यांच्या आवाजाच्या लाटा झाका, एवढंच. हर्क्युलिसच्या इनपल्स मालिकेत फेडर आणि जॉगशेजारी बाण उजळून गाणं हळू करायचं की जलद ते दाखवणारे दिवे आहेत. एकट्याने शिकणाऱ्याला त्यांचा चांगला आधार होतो, आणि ते बंदही करता येतात.

*सावधान:* माइक वापरायचा असेल तर त्याचा आवाज यूएसबीतून लॅपटॉपपर्यंत जातो का ते विचारा. काही कंट्रोलर माइक थेट मास्टरमध्ये मिसळतात. मग स्पीकरवर तुम्ही ऐकू येता, पण रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाजच नसतो.

टप्पा ६: यादी तीनवर आणा

बाजारात दिसणारी मॉडेल ढोबळपणे तीन गटांत बसतात.

सर्वांत छोट्या गटात डीडीजे-२०० आणि न्यूमार्कचा डीजे२गो२ टच येतात. डीजे२गो२ टचमध्ये साउंड कार्ड असलं तरी फेडर आखूड आणि जॉग चिमुकले आहेत. प्रवासात सोबत न्यायला ते ठीक, पण एकमेव कंट्रोलर म्हणून मी ते सुचवणार नाही. काही महिन्यांत हात अडखळतो आणि दुसरा घ्यावा लागतो.

मधला गट नवख्यासाठी खरा. डीडीजे-एफएलएक्स४, हर्क्युलिस इनपल्स ३०० एमके२, न्यूमार्क मिक्सट्रॅक प्रो एफएक्स, आणि स्क्रॅचकडे ओढा असेल तर डीडीजे-आरईव्ही१. क्लबसारखी मांडणी आणि दोन सॉफ्टवेअरची मोकळीक हवी त्यांनी एफएलएक्स४, लांब पिच फेडर हवा त्यांनी मिक्सट्रॅक प्रो एफएक्स, एकट्याने कानाने बीट जुळवायला शिकायचंय त्यांनी इनपल्स पाहावा. यात कोणताही एक सगळ्यांत सरस नाही. टप्पा १ मध्ये लिहिलेली ओळ काढा आणि तिच्याशी ताडा.

त्याच्या वर हर्क्युलिस इनपल्स ५०० आणि ट्रॅक्टरसाठी बनवलेला ट्रॅक्टर कॉन्ट्रोल एस२ एमके३ असे कंट्रोलर आहेत. बजेट ताणून तिथपर्यंत जाण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा हेडफोन आणि स्पीकरचे पैसे त्यात जात नाहीत.

शक्य असेल तर तीनही कंट्रोलर हाताळून पाहा. फेडर बोटाला जड लागतो की सैल, ईक्यू नॉब एकमेकांना इतके चिकटून आहेत का की एक फिरवताना दुसरा हलतो, या गोष्टी माहितीपत्रकात नसतात.

टप्पा ७: वापरलेला घेताय? मग लॅपटॉप घेऊन जा

वापरलेला कंट्रोलर घेणं हा बजेटवाल्यासाठी उत्तम मार्ग आहे, पण बंद कंट्रोलर पाहून पैसे देऊ नका. तुमच्याच लॅपटॉपवर, तुमचंच सॉफ्टवेअर, तुमचेच हेडफोन लावून तपासा. क्रम असा ठेवा:

१. यूएसबी केबल जोडून पोर्टजवळ हलकेच हलवा. कंट्रोलर बंद-चालू झाला तर तिथेच थांबा.

२. गाणं लावून चॅनेल फेडर पूर्ण खाली आणा. मागे बारीक आवाज उरत असेल तर फेडर झिजलाय. क्रॉसफेडर दोन्ही टोकांना नेऊन तेच करा, मग जलद हलवून खरखर ऐका.

३. प्रत्येक नॉब सावकाश फिरवा आणि पडद्यावरचा नॉब पाहा. तो दोन्ही टोकांपर्यंत पोहोचायला हवा, मध्येच उड्या मारता कामा नये, आणि हात काढल्यावर थरथरता कामा नये.

४. पिच फेडर अगदी हळू सरकवा आणि बीपीएमचा आकडा पाहा. तो गुळगुळीत बदलला पाहिजे. मधोमध आणल्यावर आकडा शून्य टक्के दाखवतो का तेही बघा.

५. जॉगवर वरून हात ठेवा, गाणं लगेच थांबलं पाहिजे. हात न लावता ते आपोआप थबकत असेल तर स्पर्शाचा सेन्सर गेलाय, आणि त्याची दुरुस्ती किचकट असते.

६. हेडफोनची पिन जॅकमध्ये फिरवा. एका कानाचा आवाज जात असेल तर किंमत कमी करायला सांगा किंवा सोडून द्या.

*सावधान:* “सोबत पूर्ण सॉफ्टवेअर आहे” असं विकणारा म्हणाला तर तो परवाना आधीच त्याच्या नावावर नोंदलेला असण्याची शक्यता जास्त. तो हस्तांतरित होतो का याची खात्री होईपर्यंत परवान्याची किंमत शून्य धरा.

टप्पा ८: पहिल्या दिवसाची जोडणी

कंट्रोलर आला की लगेच केबल खुपसायची घाई होते. थांबा. आधी कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर आणि फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतला प्रोग्रॅम) पाहा. विंडोजवर ड्रायव्हर लागत असेल तर तो आधी बसवा, मग कंट्रोलर जोडा. सोबत आलेलीच केबल वापरा. फोनच्या चार्जरच्या काही केबलमधून फक्त वीज जाते, माहिती जात नाही, आणि मग दिवे लागूनही लॅपटॉपला कंट्रोलर दिसत नाही.

स्पीकर शेवटी चालू करायचे आणि बंद करताना सर्वांत आधी बंद करायचे. नाहीतर प्रत्येक वेळी स्पीकरला धक्का बसतो.

सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आवाजाचं उपकरण म्हणून कंट्रोलर निवडला गेलाय का ते पाहा. त्याच वेळी विंडोज किंवा मॅकचा नेहमीचा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवरच ठेवा, म्हणजे ईमेल आल्याची घंटी ऐन मिक्समध्ये मोठ्या स्पीकरवर वाजणार नाही.

आता क्यूची चाचणी. पहिल्या डेकवर गाणं लावा, फेडर वर. दुसऱ्या डेकवर दुसरं गाणं सुरू करा, फेडर पूर्ण खाली, आणि त्याचं हेडफोन क्यू बटण दाबा. कानात दुसरं, बाहेर पहिलं, असं ऐकू आलं तर जोडणी बरोबर. दोन्हीकडे एकच ऐकू आलं तर आधी कानातला मिक्स नॉब पाहा, मग आउटपुटची सेटिंग. कंट्रोलर बिघडलाय हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढा.

पातळी लावताना गेन असा ठेवा की गाण्याच्या सर्वांत जोरकस भागात मीटर हिरव्यात राहील आणि क्वचित पिवळ्याला शिवेल. लाल दिवा लागला की डिजिटल आवाज कापला जातो, आणि तो फाटका आवाज पुढे कुठल्याही नॉबने सुधारत नाही. आवाज मोठा हवा असेल तर स्पीकरचा वाढवा.

शेवटी बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज बाहेर सोडण्याआधी साठवतो तो छोटा तुकडा. ४४,१०० हर्ट्झवर १,०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर, ५१२ म्हणजे ११.६, २५६ म्हणजे ५.८. सुरुवात ५१२वर करा आणि तासभर सलग वाजवा. आवाज एकदाही तुटला नाही तर २५६वर या आणि पुन्हा तासभर. तुटला तर एक पायरी मागे जा आणि तिथेच ठेवा. आकडा लहान असण्यापेक्षा आवाज अखंड असणं महत्त्वाचं.

परतीची मुदत संपेपर्यंत खोकं, आतला थर्मोकोल आणि पावती ठेवून द्या, आणि त्या मुदतीत कंट्रोलरवरचं प्रत्येक बटण, पॅड आणि फेडर रोजच्या सरावात निदान एकदा तरी वापरून पाहा. न वापरलेल्या पॅडमधला बिघाड बहुधा मुदत संपल्यावरच सापडतो.